साहेब, यंदा येळवशीला (वेळा अमावस्येला) शेतात या

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही हॉस्पिटलातून निवृत्त झाल्याचं परवा सिस्टरांकडून कळलं. सत्कार नको म्हणालात, शाल-श्रीफळ नको म्हणालात. शेवटच्या दिवशीही औषधांच्या स्टोअरमधला साठा रजिस्टरशी ताडून चावी सोपवली आणि नेहमीसारखे स्कूटरवर बसून घरी गेलात. हे पत्र मी मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. घरी येऊन आभार मानले असते तर तुम्ही चहा पाजला असता आणि विषय बदलला असता.

मी अर्जवाली पोरगी. तुम्ही अजून मला याच नावानं हाक मारता.

जून २००७. दहावीचा निकाल लागायचा होता. मृगाचे दोन पाऊस होऊन गेले होते. बापूंनी दिवस मावळताना बैलांसाठी कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढली आणि हाताला घोणस चावली. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. कुणी म्हणालं मारुतीच्या देवळात न्या, कुणी म्हणालं ब्लेडनं चिरा मारा. चुलत्यानं कुणाचंच ऐकलं नाही, काळी-पिवळी जीप ठरवली. वाटेत एका दवाखान्यात दहा हजार डिपॉझिट मागितलं. चुलत्याच्या खिशात साडेचारशे रुपये होते. तिथून परत जीपमध्ये बसलो तेव्हा बापूंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

लातुरात तुमच्या काउंटरवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. खिडकीतला पोरगा नवा होता, त्यानं केसपेपरचे पैसे मागितले. मागच्या खोलीतून तुम्ही बाहेर आलात. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेन. बापूंच्या हाताकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, "आधी आत घ्या. कागद मागून."

ते चार-पाच शब्द आमच्या घरात अजून बोलले जातात. घरात कुणी आजारी पडलं, लग्नात कुणी रुसून बसलं, काहीही झालं तरी आई म्हणते, "आधी आत घ्या."

आत डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवून दिली. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मी दाराच्या फटीतून त्या नळीकडे बघत होते. वीस मिनिटांनी त्यांनी ती वाकडी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्तात भिनलंय, हे त्या साध्या नळीनं सांगितलं. सर्पविषावरच्या लशीच्या दहा बाटल्या लगेच लागल्या. त्या सगळ्या तुमच्या स्टोअरमध्ये होत्या, चिठ्ठी घेऊन बाहेर पळावं लागलं नाही. पुढे बापूंच्या किडन्या थांबल्या, आठ वेळा डायलिसिस झालं आणि किडन्या परत चालू झाल्या. जीव डॉक्टरांनी वाचवला, तो त्यांचाच मान. पण त्या दहा बाटल्या रात्री साडेदहाला कपाटात कशा होत्या, हे मला फार नंतर कळलं.

तुमच्या टेबलाच्या काचेखाली एक कागद होता. त्यावर इंग्रजी महिने नव्हते, आपला हंगाम होता. मृग निघायच्या आत सर्पदंशाची लस दुप्पट, कारण पेरणीला माणूस रानात जातो आणि पाऊस बिळात शिरला की साप बाहेर येतो. विंचवासाठी प्राझोसिनच्या गोळ्या. कापसावर फवारणी सुरू व्हायच्या आधी त्या विषबाधेवरचं ॲट्रोपिन. चैत्र-वैशाखात सलाइन आणि रक्त, कारण कॉलेजं बंद असतात आणि रक्तदान आटतं. प्राझोसिनच्या ओळीवर बोट ठेवून तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, की आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला राहून या स्वस्त गोळीनं विंचू चावलेली माणसं वाचवून दाखवली. सांगताना तुमच्या चेहऱ्यावर घरच्या माणसाचं कौतुक होतं. औषधांची ऑर्डर नक्षत्र बघून देणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्या रात्री दोन वाजता तुम्ही मला समोर बसवलंत. मी रडत होते. तुम्ही कोरा कागद पुढे सरकवला, खिशातलं निळं पेन काढून दिलं आणि म्हणालात, "शाळेत जातेस ना? मग लिही. तुझ्या बापाचा अर्ज तुझ्या अक्षरात पाहिजे." तोपर्यंत मला वाटायचं अर्ज म्हणजे भीक. तुम्ही सांगितलंत की हा हक्क आहे. धर्मादाय रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, बिलातले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ साली आली होती. तिला एक वर्षही धड झालं नव्हतं. कित्येक ठिकाणी ती फायलीत पडून होती. तुम्ही ती मराठीत, बोटभर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या डोक्यावर लावली होती. रेशनकार्ड कुठलं लागतं, तहसीलदाराचा दाखला कसा काढायचा, सगळं त्यात होतं. मी पाच ओळी लिहिल्या. "कृपा करावी" असं लिहिलं होतं, ते तुम्ही खोडायला लावलंत. "मंजुरी मिळावी असं लिही. कृपा देवाला मागायची."

अक्षर मोठं असण्याचंही कारण होतं. ते तुम्ही एकदाच बोललात, तेही मी विचारलं म्हणून. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलात साधे कारकून होतात. आदल्या दिवशीच्या विसर्जनाचा गुलाल लोकांच्या कपाळावर तसाच होता. किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली होती. ट्रक भरून जखमी लातुरात येत होते आणि त्यांच्या मागे नातेवाईक एका दवाखान्यातून दुसऱ्यात वणवण करत होते. आत माणूस जिवंत होता आणि बाहेर त्याची बायको छाती पिटत होती, कारण कुणी नावच लिहून घेतलं नव्हतं. तेव्हा तुम्ही एक वही घेतलीत आणि खाटेखाटेवर फिरून नाव, गाव, बापाचं नाव विचारत गेलात. बोलता येत नव्हतं त्यांचं लुगडं कसलं, गोंदण कुठं, हातात काय, ते लिहिलंत. मग कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर ती यादी मोठ्या अक्षरात उतरवून फाटकावर चिकटवलीत. दर तीन तासांनी नवी. एक म्हातारा यादीवरून बोट फिरवत होता, त्याला वाचता येत नव्हतं, तो नुसता बोट फिरवत होता, एवढं सांगून तुम्ही थांबलात. पुढचं मी विचारलं नाही.

आता आईबद्दल. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, बायांना कळू दे.

आमचे आईबाप म्हणजे एक कोयता; ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला असंच म्हणतात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन टोळीसोबत कारखान्यावर जायचं आणि पाडव्याला परतायचं. बापू डायलिसिसवर असताना आई ओटीपोट धरून व्हरांड्यात बसलेली तुम्हाला दिसली. तिला एका ठिकाणी सांगितलं होतं, गर्भपिशवी काढावी लागेल, नाहीतर कॅन्सर होईल. आई तेव्हा छत्तीस वर्षांची होती. टोळीतल्या तिच्या तीन मैत्रिणींच्या पिशव्या आधीच निघाल्या होत्या. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पाळी म्हणजे खाडा, म्हणून बाया स्वतःच तयार व्हायच्या. तुम्ही काही उपदेश केला नाही. आईला बाई डॉक्टरांकडे पाठवलंत, सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग होता. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी गेला.

त्यानंतर दर मंगळवारी ऊसतोडीच्या बायांची दुसरी तपासणी तुम्ही सुरू केलीत. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे रविवार तुम्ही गावोगावी घालवायचे, बायांना एकच सांगायचे, "एका डॉक्टरनं पिशवी काढा म्हणलं तर दुसऱ्याला विचारा. विचारायला पैसे पडणार नाहीत." २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायांमध्ये १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पेपरात तो आकडा वाचून सगळा महाराष्ट्र हादरला. आमच्या गावच्या बायांनी तो आकडा ऐकला आणि तुमचं नाव काढलं.

सगळ्यांशी तुम्ही गोडच वागलात असं नाही, तेही लिहायला हवं. त्याच माझ्या चुलत्यानं तीन वर्षांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी निर्धन निधीतून अर्ज केला. तोवर त्यानं ट्रॅक्टर घेतला होता. तुम्ही अर्ज परत केलात. "हा रुपया ट्रॅक्टरवाल्याला दिला तर उद्या कोयत्यावाल्याला काय देऊ?" चुलता वर्षभर तुमच्या नावानं बोटं मोडत होता आणि खरं सांगते, मलाही राग आला होता. आज मी स्वतः आरोग्यमित्र म्हणून एका हॉस्पिटलच्या टेबलावर बसते. रेशनकार्डं तपासते, महात्मा फुले योजनेचे अर्ज भरते. समोर ओळखीचा माणूस खोटा दाखला घेऊन बसतो तेव्हा 'नाही' म्हणायला किती बळ लागतं, ते आता रोज कळतं.

२०१६चा उन्हाळा मात्र लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. डायलिसिसच्या एका चार तासांच्या बैठकीला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि ते शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. बाकी शहर घागरीला मोताद असताना तुमचा एकही डायलिसिसचा पेशंट परत गेला नाही. शुद्धीकरणातून टाकून दिलं जाणारं पाणी तुम्ही संडासाला आणि फरशीला वळवलंत. टँकरवाल्यासाठी पहाटे चारला रस्त्यावर उभे राहायचे. मी तेव्हा भेटायला आले होते. तुमच्या केबिनमध्ये फायलींच्या जागी वीस-वीस लिटरचे जार होते. बापूंचे ते आठ डायलिसिस मला आठवत होते आणि मी त्या जारांकडे बघत उभी होते. तुम्हाला वाटलं मला तहान लागलीय, तुम्ही ग्लास भरून दिलात.

डॉक्टरांना लोक पेढे देतात, द्यायलाच हवेत. तुमच्याकडे माणूस आला तो बिलाचं भांडण घेऊन आला, शिफारशीची चिठ्ठी घेऊन आला, नाहीतर मयताचे कागद घ्यायला आला. सदतीस वर्षं तुम्ही त्या खुर्चीवर बसलात आणि दारातून आलेल्या माणसाला आधी "पाणी घेतलं का" विचारलंत. आमच्या योजनेच्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नाही. मी ते तुमच्याकडून उचललं. माझ्या टेबलावर तांब्या-पेला असतो आणि भिंतीवर बोटभर अक्षरांत मराठी फलक आहे. आलेल्या पोराबाळांना मी अर्ज स्वतःच्या हातानं लिहायला लावते. "कृपा करावी" दिसलं की खोडते.

एक बाकी राहिलंय. येळवशीला सगळं लातूर शेतात जातं. बाजारपेठ बंद, रस्ते ओस. हॉस्पिटलातही निम्मा स्टाफ सुट्टीवर, म्हणून दर येळवशीला काउंटरवर तुम्ही स्वतः बसायचे. बापू दरवर्षी निरोप पाठवायचे आणि तुम्ही दरवर्षी म्हणायचे, "साप काय सुट्टी बघून चावतो का?" मग आई भज्जीचा, म्हणजे पालेभाज्या-शेंगांच्या मिसळीचा डबा आणि आंबिलीची बाटली एसटीनं पाठवायची. डबा धुऊन परत यायचा, त्यात चार लिमलेटच्या गोळ्या असायच्या.

यंदा तुमच्याकडे चावी नाही. ज्वारी कमरेला आली आहे, हरभऱ्याला घाटे धरतील. बापू आता बहात्तरचे आहेत, तरी कडब्याची कोप ते स्वतः बांधणार म्हणतात. आंबिलीचं बिंदगं आई डोक्यावर आणेल, तुम्हाला चालायला त्रास होत असेल तर मी गाडी घेऊन दारात येते. काकूंनाही आणा. "वहिनी आल्याच पाहिजेत," असं आईनं त्यांच्यासाठी बजावलंय. डब्यातली भज्जी गार होते, साहेब. चुलीवरची एकदा खाऊन बघा.

तुमची,
अर्जवाली पोरगी