निर्यातीचा आकडा आणि आयातीचा पार्ट

संपादक महोदय,

निर्यात वाढवायची तर आयात कमी करा, असा सूर असलेला तुमचा अग्रलेख वाचला आणि खरं सांगायचं तर पटला नाही. आज बऱ्याच वस्तू कुठलाच देश एकट्याने अख्ख्या बनवत नाही, त्यांचे भाग वेगवेगळ्या देशांत बनतात (यालाच व्हॅल्यू चेन म्हणतात), जागतिक बँकेच्या 2020 च्या अहवालानुसार जगातला जवळपास निम्मा व्यापार व्हॅल्यू चेनमधूनच होतो, म्हणजे आज आयात केलेला पार्टच उद्या दुसऱ्या मालात बसून निर्यात होतो. तो अडला की निर्यात अडली.

जुलै 2019 मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या फक्त तीन केमिकल्सवर कडक नियम लावले. किंमत बघितली तर किरकोळ माल, पण चिप आणि डिस्प्लेवाल्यांची झोप उडाली, कारण त्यांच्यासाठी ती लागतातच आणि चिप ही तर कोरियाची सगळ्यात मोठी निर्यात! मूळ भांडण होतं युद्धकाळात राबवून घेतलेल्या कोरियन मजुरांच्या भरपाईचं (नियम याच कारणाने लावले हे जपान कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी), व्यापाराशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग कोरियाने केलं काय? आयातीचे दरवाजे लावून घेतले नाहीत. दुसऱ्या देशांतले सप्लायर शोधले, काही माल घरी बनवायला घेतला, आणि 2023 मध्ये निर्बंध उठले तेव्हा जपानकडूनही घेत राहिले. तेव्हा आयात किती होते यापेक्षा ती किती जणांकडून होते, हे अग्रलेखात यायला हवं होतं.

– एक वाचक