विषय: डीगॅसिंगच्या ग्रॅफाइट शाफ्टची घनता कमी आणि ऑक्सिडेशन ट्रीटमेंट वरवरची

प्रति,
गुणवत्ता विभागप्रमुख

महोदय,

अॅल्युमिनियम डीगॅसिंगसाठी (वितळलेल्या धातूतला विरघळलेला वायू काढण्यासाठी) आपण पाठवलेल्या ७५ मिमी व्यासाच्या सहा शाफ्टपैकी दोन चालू लॅडलमध्ये तुटले. दोन्ही एकाच जागी तुटले, ड्रॉसच्या (धातूवर तरंगणाऱ्या ऑक्साइडच्या मळाच्या) थराच्या जरा वर. तिथे व्यास झिजून ५२ मिमी राहिला होता. वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे मूळ ताकदीच्या जेमतेम एक तृतीयांश उरली होती. धातूत बुडालेला भाग मात्र नव्यासारखा आहे, कारण ग्रॅफाइट हवेत जळते आणि तिथे हवा पोहोचत नाही.

"आरपीएम जास्त ठेवला असेल, प्रीहीट केले नसेल" हे उत्तर आपल्या सेल्स इंजिनिअरकडून फोनवर मिळालेच आहे. आमचे सेटिंग असे होते: मेल्ट (वितळलेला धातू) ७३० अंश, रोटर ४५० आरपीएम, नायट्रोजन मिनिटाला १५ लिटर, बॅफल प्लेट (भोवरा रोखणारी पट्टी) जागेवर, बुडवण्याआधी मेल्टवर धरून १५ मिनिटे प्रीहीट. आपलाच मागचा लॉट याच सेटिंगवर वापरला, त्याला अशी मान पडली नाही, म्हणजे तो एका जागी असा बारीक झाला नाही. आणि प्रीहीट चुकले तर शाफ्टला तडा जातो, गोलाकार झीज होत नाही.

म्हणून न वापरलेला एक शाफ्ट आम्ही कापला. ५० मिमी लांबीच्या तुकड्याचे आकारमान, २० मिमीचे गॅसचे भोक वजा करून, २०५ घन सेंमी. वजन ३५३ ग्रॅम. घनता १.७२ ग्रॅम प्रति घन सेंमी येते. ऑर्डरमध्ये आयसोस्टॅटिक (सर्व बाजूंनी सारखा दाब देऊन बनवलेले, बारीक दाण्याचे ग्रॅफाइट), किमान १.८२ असे लिहिले आहे आणि आपल्या सर्टिफिकेटवर १.८४ छापले आहे. ऑक्सिडेशन रोखण्यासाठी फॉस्फेट भरल्यावर वजन वाढतेच, तरी हा आकडा! कापलेल्या तोंडावर जाड दाणे साध्या डोळ्यांना दिसतात. आम्हाला हा एक्सट्रुडेड (साच्यातून दाबून काढलेला) माल वाटतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सारख्या मापाचे तुकडे मफल फर्नेसमध्ये (प्रयोगशाळेच्या बंद भट्टीत) ६५० अंशांवर चार तास ठेवले. बाहेरच्या थरातला तुकडा वजनाने ५ टक्के घटला, गाभ्याजवळचा १४ टक्के. याचा अर्थ फॉस्फेट आत मुरलेलेच नाही. कातडी जळाली की पुढची झीज झपाट्याने होते. व्हॅक्यूम न देता नुसते बुडवून काढले की असे होते. पाठवण्यापूर्वी एक तुकडा कापून पाहिला असता तर आपल्यालाही कळले असते.

शाफ्ट डगमगू लागल्यावर बुडबुडे मोठे झाले, भोवरा पडून ड्रॉस आत ओढला गेला. त्या हीटचे कास्टिंग पोरोसिटीमुळे रिजेक्ट झाले. त्याची डेबिट नोट वेगळी येईल.

सहाही शाफ्ट बदलून द्यावेत, वाहतूक खर्च आपला. नव्या लॉटसोबत ब्लॉक नंबर, प्रत्यक्ष मोजलेली घनता आणि गाभ्याच्या तुकड्याचा मफल रिपोर्ट हवा; छापील सर्टिफिकेट एकटे चालणार नाही. कापलेले तुकडे इथे ठेवले आहेत, आपल्या माणसाने येऊन मोजावेत. तोपर्यंत या बिलाचे पेमेंट थांबवले आहे.

आपला,
मेल्टिंग विभागप्रमुख