आधी पोराला विचारलंत, त्याबद्दल

मॅडम,

नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून नुसतं मॅडम.

डिस्टोनियानं, म्हणजे स्नायू आपोआप आखडून पिळवटणाऱ्या आजारानं, आमच्या पोराची मान आणि उजवा हात पिळून टाकला होता. मुंबईला ऑपरेशन झालं. मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात दोन्ही बाजूंनी तारा, छातीत कातडीखाली बॅटरी. बॅटरीतून तारांवाटे मेंदूला हलकी वीज देतात, त्याला डीबीएस म्हणतात. डीबीएसचा गुण या आजारात हळूहळू, महिन्यांनी दिसतो असं डॉक्टर म्हणाले होते, तसाच दिसला. पिळा बराच सैल झाला. पण ज्या हातानं जन्मात बटण लावलं नाही, त्याला ते बॅटरी कुठून शिकवणार? नातेवाईक मात्र म्हणायचे, "ऑपरेशन झालं की, आता येईल आपोआप."

तुमच्याकडे थेरपीला आले, ती त्याला काय शिकवायचं याची यादी घेऊनच. अक्षर, अक्षर आणि अक्षर. तुम्ही ती वाचून बाजूला ठेवलीत आणि त्याला विचारलंत, "तुला काय करायचंय?" तो म्हणाला, शाळेत लघवीला गेल्यावर पँटचा हूक स्वतः लावायचाय. कडक भाकरी स्वतः मोडायचीय. आणि आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत रिंग टाकायचीय. माझ्या यादीतलं एकही नाही. शाळेत तो दिवसभर पाणी का पीत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

मग तुमची ती पद्धत. काय करायचंय, कसं करशील, करून बघ, जमलं का? ती कॅनडात हालचालींत अडखळणाऱ्या मुलांसाठी तयार झाली, आणि लंडनच्या एव्हलिना रुग्णालयातल्या थेरपिस्टनी डीबीएस झालेल्या मुलांसाठी वापरली, हे तुम्हीच सांगितलंत. मला त्यात सगळ्यात जड गेलं ते तुमचं गप्प बसणं. हूक निसटायचा, मी उठायची, तुम्ही हातानंच मला बसायची खूण करायचात आणि त्याला एवढंच विचारायचात, "कुठे अडलं?" शेवटी त्याचं त्यालाच सापडलं: भिंतीला पाठ टेकून पोट आत घेतलं की हात कमी उडतो. भाकरी त्यानं ताटाच्या काठावर दाबून मोडली. मला हे कधीच सुचलं नसतं. माझा हात कुठे उडतो?

आपल्या कामाला दहापैकी गुणही त्यानंच द्यायचे. भाकरीला चारच दिले. का, तर "तुकडे लई मोठे झाले." आणि आता धाकटा मदतीला गेला की ओरडतो, "हात नको लावू बे, प्लॅन चालूय."

फाईलवर तुम्ही लाल पेननं लिहिलंत, "डायथर्मी नको." ते इतर आईबापांसाठीही इथे लिहिते. फिजिओथेरपीत शेक द्यायचं ते मशीन डीबीएसवाल्या मुलाला लावायचं नाही. तारांतून उष्णता मेंदूपर्यंत जाऊन इजा होऊ शकते. खांदा दुखतो म्हणून आम्हाला एका ठिकाणी तो शेक सुचवला होता. फाईल दाखवली, विषय संपला.

रिंग अजून जमलेली नाही. जानेवारीत गड्डा भरेल तेव्हा बघू, असं तोच म्हणतो. अक्षराचं मी सध्या काढत नाही (मनात आहेच). त्याला आता सायकल हवीय, आणि त्याचे पप्पा ऐकायला तयार नाहीत. पुढच्या वेळी त्या दोघांना घेऊन येते. आधी कुणाला विचारायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची आभारी,
एक आई, सोलापूर