रविवारच्या ऑफिस इंग्लिश बॅचची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता बॅच आहे, वेळेवर या. आपण खरंच पाठवलेला एक मेल आणा, कंपनीचं आणि क्लायंटचं नाव खोडून. बऱ्याच मेलमध्ये मुद्दा पार खाली सापडतो, तोपर्यंत समोरचा वाचायचं सोडून देतो, म्हणून काय हवंय आणि कधीपर्यंत हे पहिल्याच ओळीत कसं लिहायचं ते करून बघू आणि वेळ देताना टाइमझोन टाकाच, आपल्याकडे संध्याकाळचे ६.३० म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९. कॉलवर समजलं नाही तर 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' विचारायची प्रॅक्टिस जोडीजोडीने घेऊ. नवीन लोकांना मध्येच दुरुस्त करू नका प्लीज, त्यांना आधी मोकळं बोलू द्या. जमणार नसेल तर शनिवारपर्यंत ग्रुपवर कळवा, जोड्या लावायच्यात.