वसंताच्या पहिल्या खुणा तारखेनिशी नोंदवाव्यात

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरच्या घरगुती बागांमध्ये वसंत ऋतू पंचांगाची वाट न पाहता येतो. मात्र तो नेमका कोणत्या दिवशी आला, याची नोंद क्वचितच एखाद्या घरात सापडते. लोकमान्य नगर, टिळक नगर, सुदामा नगर, वल्लभ नगर अशा वस्त्यांतील कितीतरी मराठी घरांपुढे आजही आंबा, कडुनिंब, शेवगा, कढीलिंब, जास्वंद, मोगरा यांपैकी दोन-चार झाडे तरी उभी आहेत आणि जिथे बंगला पाडून इमारत झाली, तिथे गच्चीवर नाहीतर सज्जात कुंड्या आहेत. या झाडांवर पहिली पालवी, पहिला मोहर, पहिली कळी ज्या दिवशी दिसेल, तो दिवस तारखेनिशी लिहून ठेवण्याचा परिपाठ आपण वाचकांनी सुरू करावा आणि माघापासून वैशाखाच्या आरंभापर्यंत आपल्या वृत्तपत्राने त्या नोंदींना दर आठवड्याला थोडी जागा द्यावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माळव्यातील वसंताची पहिली खूण म्हणजे पानगळ, हे प्रथम स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. जानेवारीच्या अखेरीस अंगणात पिवळी पाने पडू लागली की झाडाला काहीतरी रोग झाला, पाणी कमी पडले, असे समजून पुष्कळजण घाईघाईने भरपूर पाणी घालतात, कोणी फांद्या छाटून घेतात आणि कोणी पाल्याचा ढीग करून कोपऱ्यात पेटवून देतात. वास्तविक झाड या वेळी आपला खर्च आवरत असते. जुनी पाने गळली की त्यांच्यावाटे हवेत जाणारे पाणी वाचते, मुळांनी खोलवरून ओढलेला ओलावा खोडात आणि फांद्यांत साठतो आणि त्याच साठ्याच्या बळावर, पाऊस चार महिने दूर असताना आणि ऊन दिवसेंदिवस चढत असताना, झाडाला नवी पालवी फुटते. पिंपळावर हा पालट सर्वांत झपाट्याने होतो. आज उघडा दिसणारा पिंपळ थोड्याच दिवसांत तांबूस-गुलाबी, तकतकीत पानांनी भरून जातो. कोवळ्या पानांचा हा तांबडा रंग कडुनिंब, आंबा, जांभूळ यांच्या पालवीतही दिसतो. हिरवे द्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत नाजूक पानाचे कडक उन्हापासून रक्षण करणे, हे या रंगाचे एक काम मानले जाते.

गळालेल्या पाल्याबाबत तर इंदूरकरांनी विशेष काळजी घ्यायला हवी. कुजलेल्या पाल्यापासून खत करण्याची जी पद्धत जगभर इंदूरच्या नावाने ओळखली जाते, ती याच शहरात घडली. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये ती सिद्ध केली आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासमवेत १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. पालापाचोळा, शेण, माती आणि थोडी राख यांचे थर ओलसर ठेवून, अधूनमधून वरखाली केले तर सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते, असा त्या पद्धतीचा गाभा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेला पाला मृग नक्षत्रापर्यंत कुंडीत घालण्याजोगा होतो, इतका हा मेळ सोयीचा आहे. स्वच्छतेत देशात पहिला आलेल्या शहरात पाला जाळला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पानगळीपाठोपाठ येणाऱ्या खुणा ओळखण्यासाठी थोडे जवळ जाऊन पाहावे लागते. कढीलिंबाची थंडीत निबर झालेली, कडा पिवळसर पडलेली पाने अजून फांदीवर असतानाच शेंड्याशी पोपटी रंगाचा बारीक कोंब दिसू लागतो. मिटलेल्या पंख्याप्रमाणे त्यातली पाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि बोटाने हलकेच स्पर्श केला तरी जुन्या पानापेक्षा निराळा, तिखटसर वास येतो. लिंबू देणाऱ्या झाडावर जांभळट छटेच्या कळ्या धरतात. बागाईतदार या बहराला ‘आंबे बहार’ म्हणतात, कारण तो आंब्याच्या मोहराबरोबरच येतो. पावसाळ्याच्या आरंभीचा तो मृग बहार आणि पावसाळा सरतानाचा तो हस्त बहार. आपल्या आधीच्या पिढ्यांनी झाडांचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, हे या तीन नावांवरूनच ध्यानात येते.

आंब्याच्या मोहराकडे पाहण्याची सवय तर प्रत्येकाला असते, पण बहुतेकजण तो किती आला एवढेच पाहतात, तो केव्हा आणि कसा आला हे पाहत नाहीत. फांदीच्या टोकाची कळी आधी फुगते, तिचे खवले सुटतात आणि आतून तांबूस दांडा बाहेर येतो. मग त्याला फाटे फुटून तुरा तयार होतो. एकेका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांवर फुले असतात. त्यांतली बहुसंख्य नरफुले असतात, फळ धरते ते थोड्याशा उभयलिंगी फुलांतूनच, आणि शंभर फुलांमागे एक आंबासुद्धा हाती लागत नाही. डिसेंबर-जानेवारीतील रात्री पुरेशा थंड असल्या तर शेंड्याच्या कळीतून मोहर येतो. थंडी मधेच ओसरली तर त्याच कळीतून पुष्कळदा नुसती तांबडी पालवी फुटते. एकाच झाडावर एका बाजूला मोहर आणि दुसऱ्या बाजूला पालवी असे दृश्य दिसले, तर त्या हिवाळ्याची सगळी हकीकत झाडानेच सांगितली असे समजावे. मोहर उमलल्यावर त्यावर माश्या, मधमाश्या आणि इतर बारीक कीटक येतात आणि परागीभवन त्यांच्यामुळेच होते. म्हणून तुडतुड्यांचा चिकटा पानांवर दिसला तरी उमललेल्या मोहरावर कीटकनाशक मारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पक्ष्यांच्या खुणाही याच सुमारास दिसू लागतात. थंडीत जवळजवळ मुका असलेला कोकीळ पहाटे अडखळत साद घालू लागतो, आणि ऊन तापू लागले की तांबट पक्ष्याचा एकसुरी ‘टुक टुक’ आवाज दुपारभर ऐकू येतो. परंतु घरच्या बागेत सर्वांत सहज टिपता येण्याजोगा पालट जांभळ्या शिंजिराचा आहे. जास्वंदीवर मध प्यायला येणारा नर हिवाळ्यात मादीसारखाच फिकट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर पट्टा असतो. फेब्रुवारीत त्याच्या अंगावर चमकदार गडद रंगाचे ठिपके उमटू लागतात, काही दिवस तो अर्धा मळकट आणि अर्धा झळाळता असा राहतो आणि मग सगळा निळा-जांभळा होऊन जातो. त्यानंतर लवकरच वेलीच्या किंवा झुडपाच्या लोंबत्या टोकाला त्याच्या जोडीचे पिशवीसारखे घरटे दिसण्याचा संभव असतो. त्यामुळे या दिवसांत वेली छाटण्याआधी त्या नीट न्याहाळून पाहाव्यात.

आता तारखेचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आपण बागेतल्या गोष्टी सणांच्या हिशेबाने लक्षात ठेवतो: ‘वसंत पंचमीला मोहर आला होता’, ‘पाडव्याला कडुनिंब फुलला होता’. पण चांद्र वर्ष आणि अधिक मास यांमुळे आपले सण इंग्रजी तारखांच्या मानाने पुढेमागे सरकतात. गुढीपाडवा २०२३ साली २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. झाड तिथी पाहत नाही. पाडवा लवकर आला की गुळाबरोबर वाटायला कडुनिंबाची कोवळी पानेच मिळतात आणि उशिरा आला की पांढरा फुलोराही मिळतो. ‘यंदा पाडव्याला फूल नव्हते’ एवढ्या आठवणीवरून झाड उशिरा फुलले की सण लवकर आला, हे ठरवता येणार नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सगळी झाडे एकच संकेत पाळत नाहीत. इंदुरात २१ डिसेंबरला दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बारा तासांचा होतो. पानगळीच्या कित्येक झाडांची पालवी या वाढत्या दिवसमानाशी बांधलेली असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात. दिवसमान दरवर्षी तेच असते, त्यामुळे अशा झाडांच्या तारखा फारशा हलणार नाहीत. आंबा मात्र थंडीच्या इशाऱ्यावर मोहरतो, म्हणून हिवाळा बदलला की त्याची तारीख बदलेल. दोन्ही प्रकारच्या झाडांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तर माळव्याचा हिवाळा खरोखर सौम्य होत चालला आहे का, या प्रश्नाला आपल्याच अंगणांतून उत्तर मिळू शकेल. त्याला वर्षे लागतील आणि म्हणूनच सुरुवात यंदाच करायला हवी.

अशा नोंदींचे मोल किती होते, याची उदाहरणे आहेत. जपानमध्ये क्योतो येथील चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासून सापडतात आणि त्यांच्या आधारेच २०२१ सालचा २६ मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या बाराशेहून अधिक वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या गृहस्थांनी १७३६ पासून आपल्या परिसरातील वसंताच्या खुणा लिहायला घेतल्या आणि त्यांच्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. राजदरबारातील आणि मठांतील लोक, एक जमीनदार कुटुंब, अशांनी केलेले हे काम आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात नागरिक आणि शाळकरी मुले ठरावीक झाडे निवडून त्यांची पाने, फुले, फळे यांच्या नोंदी दर आठवड्याला करतात आणि केरळमधील शाळांनी त्यात मोठा वाटा उचलला आहे. आपल्याकडील मराठी शाळांना आणि मंडळांना हे सहज जमण्यासारखे आहे.

नोंद उपयोगी ठरावी यासाठी काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतील. दरवर्षी तेच झाड पाहावे. शेजारच्या आंब्याचा मोहर आपल्या आंब्याच्या नावावर लिहू नये. ‘पहिला’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे: आंब्याच्या बाबतीत तुऱ्यातले पहिले फूल उमललेले दिसले तो दिवस, कडुनिंबाच्या बाबतीत पहिली तांबूस पालवी सुटलेली दिसली तो दिवस, कोकीळ असेल तर पहिली साद कानांवर आली तो दिवस. मोगरा मात्र या कामाला विश्वासाचा नाही, कारण आपण जानेवारीत त्याचे पाणी तोडतो, छाटणी करतो, पाने काढतो आणि मग खत-पाणी सुरू करून मार्चपासून फुले घेतो. त्याची तारीख ऋतूपेक्षा आपल्या हाताने ठरते. हीच अडचण कुंडीतल्या बऱ्याचशा झाडांची आहे. तरीही ज्यांच्यापाशी कुंड्याच आहेत त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. सज्जातून दिसणारा रस्त्याकडेचा पिंपळ किंवा कडुनिंब त्यांनी आपला मानावा. गारपीट झाली, अवकाळी पाऊस आला, मोहर झडला, तर तेही लिहावे. आणि काहीच दिसले नाही, तर ‘अजून नाही’ ही नोंदही तितकीच मोलाची आहे.

आपल्या वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा मोठी नाही. झाडाचे नाव, वस्ती, तारीख आणि काय दिसले, अशा चार रकान्यांची एक लहान चौकट वसंत पंचमीपासून अक्षय तृतीयेपर्यंत आठवड्यातून एकदा छापावी, आणि वर्षाअखेरीस सगळ्या नोंदी एकत्र करून एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे जपून ठेवण्यासाठी सुपूर्द कराव्यात. इंदूरबरोबरच देवास, उज्जैन, धार येथील वाचकांनीही त्यात भाग घेतल्यास एकाच पठारावर मोहर कुठे आधी आणि कुठे नंतर येतो, हेही कळेल. घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी जुन्या रोजनिशीत किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला असे काही टिपून ठेवले असेल, तर त्या नोंदी सर्वांत आधी मागवाव्यात. त्या रद्दीत जाण्यापूर्वी उतरवून घेणे अगत्याचे आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर