सी ॲक्सिसवाल्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नुसतं काका. तरीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या चारचौघांनी ओळखलं, तर माझा नाइलाज आहे.

हे फोनवर सांगायचं होतं. पण फोन लावला की माझा घसा दाटतो आणि तुम्ही पलीकडून "रेंज नाही का रे?" विचारता. म्हणून पत्र.

तुम्ही मशीन बघायला आलात तेव्हा मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये ते फाइव्ह ॲक्सिस मशीन ताडपत्री घालून उभं होतं. तीन सरळ चाली, टेबल झुकवणारा ए आणि टेबल गोल फिरवणारा सी, असे त्याचे पाच ॲक्सिस. सेकंडहँड घेतलेलं, हप्ते चालू, आणि टेबलावर मधोमध खोल ओरखडा. ज्यांच्याकडून पोस्ट प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम, करून घेतला होता, त्यांना मी किती फोन केले ते मोजायचं सोडून दिलं होतं. पैसे आधी घेतले होते. मग "रिमोटवर बघतो", मग "कंट्रोल जुना आहे", आणि शेवटी "ऑपरेटरला ट्रेनिंग कमी पडलंय, ओव्हरराइडवर हात ठेवायला नको का?" ओव्हरराइड म्हणजे चालू मशीनचा वेग कमी करायची कळ. एकदाही कुणी शेडमध्ये येऊन टेबलाला मोजणीचा डायल लावला नाही.

आणि काका, त्यांचं ते शेवटचं वाक्य मी खरं मानलं. पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे.

आमचा ऑपरेटर पोरगा बावीस वर्षांचा. ओरखडा पडला त्या दिवशी मशीनवर तोच होता. बॉलनोज, म्हणजे गोल टोकाचा कटर, जॉबमध्ये घुसला, तसाच जॉब धरणाऱ्या फिक्स्चरला जाऊन मोडला आणि टेबल खरवडून गेला. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो. महिन्याअखेरीला पगारातून पैसेही कापले. तो काही बोलला नाही. पुढे मशीनपाशी जाणंच त्यानं सोडलं, ड्रिलवर उभा राहायचा.

तुम्ही आलात, बॅगेतून मोजणीचा टेस्ट बार काढला, फडक्यानं पुसून ठेवला. मला वाटलं, आता कॉम्प्युटर उघडायला सांगाल. तुम्ही विचारलंत, "त्या वेळी मशीनवर कोण होतं?" मी ड्रिलकडे बोट दाखवलं. तुम्ही त्याला हाक मारली नाहीत, स्वतः चालत त्याच्याकडे गेलात. प्रोग्रामची प्रिंट त्याच्या ड्रिलच्या टेबलावर पसरलीत, पेन्सिलीनं दोन ओळींवर गोल केलेत आणि म्हणालात, "हे बघ. इथे सी शून्य आहे, पुढच्याच ओळीत एकशे ऐंशी. टूल बुडालेलं असताना टेबल अर्धा फेरा फिरलं. तुझा हात ओव्हरराइडवर असता तरी काय झालं असतं? हळू मोडलं असतं, एवढंच. चूक तुझी नव्हती."

मी चार फुटांवर उभा होतो. माझ्याकडे तुम्ही बघितलं नाहीत, हेही मी लक्षात ठेवलंय.

पोरगा "बरं" म्हणाला आणि चहाचे ग्लास धुवायला गेला. ग्लास धुतलेलेच होते.

पुढचे दोन दिवस तुम्ही काय काय केलंत ते सगळं इथे लिहीत नाही, पण मला जे कळलं ते थोडं लिहितो. कारण आमच्यासारखे बरेच जण पोस्ट म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर फुकट येणारी फाइल समजतात. कॅममधून, म्हणजे टूलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, निघणारा मार्ग कुठल्याच एका मशीनचा नसतो. टूलचं टोक कुठे आणि टूल झुकलंय कुठे, इतकंच त्यात असतं. ते आपल्या मशीनच्या भाषेत सांगणारा दुभाषा म्हणजे पोस्ट. बडोद्याच्या माणसाला दुभाष्याची किंमत वेगळी सांगायला नको; घरात मराठी, शॉपवर गुजराती आणि उधारीची भांडणं हिंदीत, असं आमचं चालतं. दुभाषा चुकला तर दोन्हीकडची माणसं खरं बोलूनही मारामारी होते. आमचं तेच झालं होतं. स्क्रीनवरचं सिम्युलेशन स्वच्छ दिसत होतं, कारण ते पोस्टच्या आधीच्या मार्गाचं होतं. मशीनला गेलेला कोड कुणी तपासलाच नव्हता.

टूल जवळजवळ सरळ उभं आलं की सीचा कोन कुठलाही चालतो आणि एकाच झुकावाला दोन उत्तरं निघतात: ए अधिक घ्या, किंवा ए उणे घेऊन सी अर्धा फेरा पुढे न्या. आमचा पोस्ट हट्टानं ए अधिकच ठेवायचा, म्हणून सीला अर्धा फेरा उडी मारावी लागायची. त्यात कंट्रोलला आरटीसीपी नाही, म्हणजे टेबल फिरताना टूलचं टोक जॉबवर धरून ठेवणं त्याला येत नाही. तो हिशेबही पोस्टनंच करायचा. आणि त्या पोस्टमध्ये ए ॲक्सिसचं केंद्र टेबलाच्या पृष्ठभागावरच धरलेलं! तुम्ही टेबल शून्यावर आणि नव्वदवर ठेवून डायलनं मोजलंत, तर केंद्र चांगलं बेचाळीस मिलिमीटर वर. तो आकडा तुम्ही पोरालाच वाचायला लावलात. तीनदा. तिसऱ्यांदा तो तुमच्याआधी बोलला.

मग हवेत ट्रायल, झेड शंभरनं वर उचलून. मग लाकडाच्या ठोकळ्यावर. लाकूड कापताना सगळी शेड गोळा झाली होती. सायकल स्टार्टचं बटण दाबायला तुम्ही मला सांगितलं नाहीत, त्याला सांगितलंत. एक हात बटणावर आणि दुसरा ओव्हरराइडवर, घट्ट. तुम्ही मागे हात बांधून उभे राहिलात आणि म्हणालात, "मी इथेच आहे." टूल सरळ उभं झालं, ए सावकाश उणे बाजूला गेला, सी जागचा हलला नाही. लाकडाचा भुसा उडाला, बाकी काही नाही.

तुमची शिकवण कलाभवनातली, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या संस्थेतली. सयाजीरावांनी ते १८९० साली काढलं, हे आम्हाला पाठ आहे आणि समारंभात आम्ही ते म्हणतोही. हाताखालच्या माणसाला कसं शिकवावं हे मात्र मी पाठ केलं नव्हतं. ते शिकायला मला ड्रिलशेजारी चार फुटांवर उभं राहावं लागलं. हुशार माणसं या धंद्यात पुष्कळ भेटली. कोडची चूक कोडवर ठेवून माणसाला मोकळं करणारा मी पहिलाच बघितला.

फी तुम्ही घेतलीत, बरं केलंत. फुकट केलं असतं तर मी हे पत्र लिहू शकलो नसतो. फक्त स्कूटरच्या पेट्रोलचे पैसे जास्त झाले म्हणून चाळीस रुपये परत दिलेत, ते अजून गल्ल्यात वेगळे ठेवलेत.

पोराचे कापलेले पैसे मी परत दिले. माफी मागताना शब्द नीट जुळले नाहीत. तो म्हणाला, "शेठ, राहू द्या." पण पैसे मोजून घेतले. मला बरं वाटलं.

तुमच्या चष्म्याचं घर पॅनलवर राहिलंय. मी आणून देणार होतो, पण रविवारी आपणच नेऊन देतो असं तो म्हणतो. त्याला तुम्हाला काहीतरी विचारायचंय. सी ॲक्सिसचं आहे एवढंच सांगितलं, बाकी मला सांगत नाही.

आपला,
मकरपुऱ्याचा शेठ