भांडी बाजारातल्या जहाजवाल्या काकांना

काका, नमस्कार. समोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

२ ऑगस्ट २०१६ ला गंगेला पूर आला (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि आमचा गाळा निम्मा पाण्यात गेला. भांडी धुता येतात हो, पण बाबांच्या उधारीच्या वह्या, बिलबुकं, मिक्सरचे खोके सगळं चिखलात. तिसऱ्या दिवशी तुम्ही पंप आणि पाइप घेऊन दारात, ओळख ना पाळख, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आई म्हणाली हे कोण, तर शेजारचे म्हणाले जहाजवाले काका, गल्लीतल्या कमिटीचं सगळं तेच बघतात.

बाकीचं नंतर चहावर कळलं. सातपूरला कारखान्यात इंजिनिअर, मग ते सोडून माझगाव डॉकला जहाजं बांधायला, आणि वाट्याला जहाज आलं ते आयएनएस गोदावरी, नौदलाची युद्धनौका! आधीच्या लिअँडर वर्गाच्या युद्धनौकांपेक्षा मोठं पण बॉयलर-टर्बाइन त्याच ताकदीचे, तरी २७ नॉट (ताशी सुमारे ५० किलोमीटर) पळायचं, हे तुम्ही आमच्याच पितळी पराती मांडून समजावलं होतं. १० डिसेंबर १९८३ ला ते नौदलात गेलं, २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झालं आणि त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत हे काकूंनी सांगितलं. पुढच्याच पावसाळ्यात तुम्ही आमच्याकडे चिखल उपसत होतात.

पण खरे आभार त्या आकड्यांचे. पूर आला की पाणी कुठवर चढलं ते बघायला आपण सगळे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो, तुम्ही म्हणालात मारुती नदीचं सांगतो, तुझ्या गाळ्याचं तुझ्या भिंतीनं सांगायला हवं. आणि जहाजाच्या नाकाडावर असतात तसे ड्राफ्ट मार्क (जहाज किती बुडालंय ते दाखवणारे आकडे) शटरच्या चौकटीवर स्वतः रंगवून दिलेत, १० सेंटीमीटर उंचीचे आकडे, मध्ये तेवढीच जागा, मोजताना आकड्याचा खालचा काठ धरायचा. पाणी पायरीला टेकलं की आधी मेन स्विच बंद, पाणी २ च्या आकड्याला लागायच्या आत वह्या आणि खोके माळ्यावर, ४ चा आकडा दिसेनासा व्हायच्या आत माणसं बाहेर. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते रोज ग्रुपवर तुम्हीच टाकायचात, आणि पावसाळ्याआधी गटारांच्या जाळ्या साफ होईपर्यंत महापालिकेत खेटे घालायचात ते वेगळंच.

४ ऑगस्ट २०१९ ला पुन्हा पाणी आलं. रविवार होता, मी आणि आई दोघीच. ४ बुडाला तेव्हा आम्ही वरच्या गल्लीत उभ्या होतो आणि बाबांची एकही वही भिजली नाही काका, एकही नाही.

गेल्या महिन्यात शटरला नवा रंग दिला. पेंटर आकडे खोडायला निघाला होता, त्याला थांबवलं. आता तेच आकडे पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये आहेत, खालचा काठ बरोबर जुळलाय का ते एकदा येऊन बघून जा.

तुमची,
गाळ्यातली पोरगी